बायपोलरचा आलेख, दशकांच्या मापाने

घरातल्या कुणाला बायपोलर डिसऑर्डरचं निदान झालं आणि पहिली धावपळ ओसरली, की दोन प्रश्न उभे राहतात. हे पुन्हा होणार का? आणि होत राहिलं, तर दर खेपेला आणखी लवकर होणार का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर सरळ देतात: शक्यता मोठी आहे, म्हणून औषध चालू ठेवा. दुसऱ्या प्रश्नाशी मानसोपचारशास्त्र शंभराहून अधिक वर्षं झगडत आलं आहे. हाती आलेलं उत्तर मात्र भीतीपेक्षा दिलाशाकडे झुकणारं आहे, आणि ते प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचायला हवं.

या आजारात माणूस उन्माद आणि नैराश्य अशा दोन टोकांच्या अवस्थांतून जातो. उन्मादात झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा जाणवत नाही. विचार धावतात, बोलणं थांबत नाही, कर्ज काढून पैसा उधळला जातो. निदानासाठी ही अवस्था किमान आठवडाभर टिकलेली असावी लागते. नैराश्याचा टप्पा किमान दोन आठवड्यांचा, प्रत्यक्षात अनेकदा महिनोन्‌महिन्यांचा असतो. ‘टाइप दोन’ प्रकारात उन्माद सौम्य असतो, पण नैराश्य तितकंच खोल असतं.

या अवस्था एकाच आजाराचे भाग आहेत, हे पॅरिसच्या झाँ-पिएर फाल्रे आणि ज्यूल बेयार्जे यांनी १८५४ मध्ये मांडलं. त्याचा वर्षानुवर्षांचा प्रवास नोंदवण्याचं मोठं काम केलं जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड, त्यावर प्रत्येक टप्प्याची नोंद, आणि रुग्ण घरी गेल्यावरही त्याचा मागोवा, अशी त्यांची पद्धत होती. १८९९ मध्ये त्यांनी ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ हा आजार पाठ्यपुस्तकात वेगळा मांडला. तेव्हा परिणामकारक औषध नव्हतं, त्यामुळे क्रेपेलिन यांच्या कार्डांवर उमटला तो आजाराचा नैसर्गिक प्रवास होता. सरासरी काढल्यावर त्यांना दिसलं, की पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातलं अंतर मोठं असतं, पुढची अंतरं कमी कमी होत जातात. चक्राचा वेग वाढत जातो, हा समज तिथून रुजला.

१९३८ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी क्रेपेलिन यांच्या म्युनिकमधल्या रुग्णांच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि हिशेबातला एक सापळा दाखवून दिला. समजा, दोन रुग्णांना आपण वीस वर्षं पाहिलं. एकाला दर आठ वर्षांनी टप्पा येतो, दुसऱ्याला दर वर्षी. दोघांचीही गती आयुष्यभर तसूभरही बदलत नाही. पहिल्या अंतराची सरासरी आठ आणि एक मिळून साडेचार वर्षं, दुसऱ्या अंतराचीही तीच. पण वीस वर्षांत पहिल्या रुग्णाचे टप्पे तीनच होतात, म्हणजे त्याच्याकडे तिसरं अंतर नसतंच. तिथून पुढच्या सरासरीत एकटा दुसराच उरतो, आणि आकडा साडेचार वर्षांवरून एकदम एक वर्षावर घसरतो. कागदावर चक्र वेगवान झालेलं दिसतं. प्रत्यक्षात कुणाचाच आजार वाढलेला नसतो. वारंवार आजारी पडणारी माणसंच अशा यादीच्या शेवटी उरतात, म्हणून सरासरी फसवते.

झुरिचमध्ये ज्यूल्स आंग्स्ट यांनी १९५९ ते १९६३ या काळात रुग्णालयात दाखल झालेल्या चारशेहून अधिक रुग्णांचा पुढे अनेक दशकं पाठपुरावा केला. त्यात एकाच ध्रुवाचं नैराश्य असलेले आणि बायपोलर असे दोन्ही रुग्ण होते. बायपोलर रुग्णांना वर्षाला सरासरी ०.४ टप्पे, म्हणजे साधारण अडीच वर्षांतून एक टप्पा येत होता. हा धोका सत्तरीपर्यंत जवळपास सारखाच राहिला. याचे अर्थ दोन. वय वाढलं म्हणून आजार आपोआप उग्र होत नाही. आणि दहा वर्षं शांततेत गेली म्हणून तो संपला असंही मानता येत नाही.

मग ‘दर टप्प्यागणिक मेंदू अधिक हळवा होतो’ ही कल्पना पूर्ण चुकीची का? तसंही म्हणता येत नाही. १९६०च्या दशकात कॅनडात ग्रॅहॅम गोडार्ड यांनी उंदरांच्या मेंदूला रोज अतिशय सौम्य विद्युतप्रवाह दिला. सुरुवातीला काहीच झालं नाही. काही दिवसांनी तेवढ्याच प्रवाहाने झटके येऊ लागले. ठिणग्या पडत राहाव्यात आणि एक दिवस सरपण धडाडून पेटावं, तसं. अमेरिकेतल्या रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये हेच तत्त्व बायपोलरला लावून पाहिलं. पहिला टप्पा मोठ्या आघातानंतर येतो, पुढे लहानशा ताणानेही, आणि नंतर तर कारणाशिवायही येऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतरच्या अभ्यासांतून मिळालेला पुरावा संमिश्र आहे. काही रुग्णांत हे घडताना दिसतं, सगळ्यांत नाही. यातून घ्यायचा धडा इतकाच, की सुरुवातीचे टप्पे टाळण्यासाठी लवकर आणि सलग उपचार करणं मोलाचं आहे.

वर्षांगणिक बदलत जाणारी दुसरी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे घरच्यांचं लक्ष कमी जातं. अमेरिकेत लुइस जड आणि सहकाऱ्यांनी टाइप एकच्या, म्हणजे पूर्ण उन्माद येणाऱ्या, १४६ रुग्णांच्या अवस्था सरासरी जवळपास तेरा वर्षं आठवड्या-आठवड्याने मोजल्या. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ४७ टक्के आठवड्यांत काही ना काही लक्षणं होती. नैराश्याचे आठवडे ३२ टक्के, उन्मादाचे ९ टक्के, आणि मिश्र किंवा भराभर बदलत्या अवस्थेचे ६ टक्के. यातली बरीच लक्षणं सौम्य होती आणि एकाच माणसात वर्षातून सरासरी सहा वेळा त्यांची पातळी बदलत होती. टाइप दोनमध्ये तर निम्मे आठवडे नैराश्याचे निघाले. उन्माद घर हादरवतो, म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात राहतो. नैराश्याचे महिने मात्र ‘आता शांत झालाय’ म्हणून निसटतात. भारतीय रुग्णांत उन्मादाचे टप्पे तुलनेने अधिक दिसतात, असं बंगळुरूच्या निम्हान्ससह अनेक केंद्रांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. त्यामुळे परदेशी टक्केवारी आपल्याला जशीच्या तशी लावता येत नाही. पण शांत दिसणाऱ्या माणसाची विचारपूस करण्याचं कारण त्याने कमी होत नाही.

काहींच्या आयुष्यात खरोखर वेगाचा काळ येतो. बारा महिन्यांत चार किंवा अधिक टप्पे आले, तर त्याला ‘रॅपिड सायकलिंग’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या डेव्हिड डनर आणि रोनाल्ड फीव्ह यांनी १९७४ मध्ये ही व्याख्या केली. हे निदान ऐकून कुटुंबं खचतात. पण विल्यम कोरियल यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासात पाचपैकी चार रुग्णांचा हा वेग दोन वर्षांच्या आत ओसरला होता. वेगाचा काळ आला, की डॉक्टर थायरॉइड तपासतात, व्यसनाबद्दल विचारतात आणि नैराश्यावरची औषधं चक्राला वेग तर देत नाहीत ना, हे पाहतात. यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय करता येतो.

आजाराचा आलेख बदलणारं सर्वांत मोठं साधन म्हणजे सलग उपचार. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला. डेन्मार्कच्या पॉल बास्ट्रुप आणि मोगेन्स शाऊ यांनी १९७० मध्ये त्याची टप्पे रोखण्याची ताकद सिद्ध केली. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्रियांपैकी ४५ जणींचं औषध चालू राहिलं, ३९ जणींना नकळत औषधाविना गोळी मिळाली. पाच महिन्यांत पहिल्या गटात एकीचाही आजार उलटला नाही. दुसऱ्या गटात २१ जणींचा उलटला. म्हणून ‘आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?’ हा विचार घातक आहे. लिथियम एकाएकी बंद केलं, तर पहिल्या काही महिन्यांतच उन्माद उसळण्याचा धोका बराच वाढतो. बदल करायचाच असेल, तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू व्हावा.

औषध तेच राहिलं तरी शरीर बदलत जातं. प्रसूतीनंतरचे आठवडे विशेष जोखमीचे असतात, म्हणून गर्भधारणेचा विचार सुरू होतानाच डॉक्टरांशी बोलावं. साठीनंतर मूत्रपिंडं मंदावतात आणि तेवढ्याच डोसने रक्तातली लिथियमची लेव्हल वाढू शकते. कडक उन्हाळा, जुलाब, कडक उपास आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनीही ती चढते. लेव्हल, थायरॉइड आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या त्यासाठीच असतात. झोपेचंही तसंच. नाइट शिफ्ट, लग्नघरातली धावपळ, गणपतीतली जागरणं यांतून तुटलेली झोप उन्मादाला वाट करून देते. ठरलेल्या वेळी झोपणं-उठणं हा या आजारात उपचाराचाच भाग आहे.

या सगळ्याचं सार असं, की कुणाच्या आजाराची दिशा एका वाईट वर्षावरून ठरवू नये, आणि परक्यांच्या सरासरीवरून तर नकोच. स्वतःचा आलेख हवा. साधी वही पुरते: रोजची झोप किती तास, मन कोणत्या पातळीवर, कोणती गोळी घेतली किंवा चुकली, कोणती मोठी घटना घडली, शेवटची लेव्हल किती. लिहायचं शक्यतो रुग्णाने स्वतः, घरच्यांनी भर घालायची. चार-पाच वर्षांत त्यातून दिसू लागतं, की उन्माद येण्याआधी झोप किती दिवस उडते, कोणते महिने जड जातात, कोणत्या औषधाने खरा फरक पडला. डॉक्टर बदलले तरी ही माहिती हरवत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच विचाराला बळ देतो. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क रुग्णाला आहे. शिवाय पुढे निर्णय घेण्याची क्षमता तात्पुरती गेली, तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. तातडीने कुणाशी बोलायचं असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. मन स्थिर असतानाचे महिने नुसते सुटकेचे मानू नयेत. आजार ओळखण्याचे, त्याची नोंद ठेवण्याचे आणि पुढच्या टप्प्याची तयारी करण्याचे तेच दिवस असतात. ते नीट वापरले, तर येणाऱ्या दशकांचा आलेख ठरवण्यात रुग्णाचाही हात राहतो.