मालाने लिहिलेला जमाखर्च

ओलाउडा इक्विआनो याचे आत्मचरित्र १७८९ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न पार्लमेंटपुढे मांडला. एका मुक्त गुलामाची करुण कहाणी एवढ्याच दृष्टीने या ग्रंथाकडे पाहणे अपुरे ठरेल. पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांस उद्देशून लिहिलेले निवेदन त्याच्या आरंभीच आहे. तो साहित्य आहे, तसा अर्जही आहे.

हा अर्ज कोणत्या भाषेला उत्तर देत होता, ते झाँग जहाजाच्या प्रकरणावरून कळते. १७८१ मध्ये या जहाजावरील खलाशांनी सव्वाशेहून अधिक आफ्रिकनांना समुद्रात लोटले आणि मालकांनी त्यांच्याबद्दल विम्याची भरपाई मागितली. १७८३ मध्ये लंडनच्या न्यायालयात वाद चालला तो खुनाचा नव्हे, गमावलेल्या मालाचा. ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. पुढे लॉर्ड मॅन्सफील्डने फेरसुनावणी मंजूर केली. खुनाचा खटला मात्र कोणावरच झाला नाही. ही वार्ता ग्रॅनव्हिल शार्पच्या कानी घातली ती इक्विआनोनेच.

त्याच्या ग्रंथात हीच व्यापारी भाषा मालाच्या तोंडून ऐकू येते. एका बेटावर काचेचा पेला घ्यावा, दुसऱ्या बेटावर दुप्पट किमतीस विकावा, अशा किरकोळ उलाढालीतून त्याने चाळीस पौंड जमविले व १७६६ मध्ये स्वतःस विकत घेतले. ते मुक्तिपत्रही त्याने ग्रंथात जसेच्या तसे उतरविले आहे. करुणरसाच्या अपेक्षेने आलेल्या वाचकास ही पाने रूक्ष वाटतील. पण ग्रंथाचा खरा कस तेथेच आहे. माणसाची किंमत पौंडांत सांगणाऱ्या व्यवहाराची विसंगती दाखविण्यास त्याला विशेषणांची गरज पडत नाही.

आपला जन्म आफ्रिकेत झाला, असे तो लिहितो. १७५९ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र जन्मस्थान कॅरोलिना असे आहे. यावरून विद्वानांत वाद आहे, आणि तो गैरलागू नव्हे. जहाजाच्या तळघरातील ते प्रसिद्ध वर्णन ऐकीव असेल, तर त्यातील ‘मी’ अनेकांचा ठरतो. साक्ष म्हणून त्याचे वजन काहीसे घटेल, रचना म्हणून ते वाढेल.

१७९४ पर्यंत ग्रंथाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. इक्विआनो १७९७ मध्ये वारला. व्यापारबंदीचा कायदा १८०७ चा. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ती मालकांना मिळाली.