हिरकणीचा कडा आणि कार्यालयातला संगणक

रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या हिरकणीवाडीत आज बहुतेक पर्यटक उतरतात ते रोपवेसाठी. १९९६ साली सुरू झालेल्या या रोपवेमुळे गडाची दमछाक करणारी चढण काही मिनिटांवर आली. वाडीच्या नावाने मात्र त्याहून कितीतरी जुनी कथा जपून ठेवली आहे. दूध विकण्यासाठी गडावर गेलेल्या हिरकणीला परतायला उशीर झाला. तिन्हीसांजेला दरवाजे बंद झाले आणि पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले. घरी तान्हे बाळ एकटे होते. ती माउली पहारा नसलेल्या कड्यावरून अंधारात खाली उतरली. ही हकीकत कानी गेल्यावर शिवाजी महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला, असे परंपरा सांगते.

या कथेतील मातृत्व मराठी मनाच्या परिचयाचे आहे. तिच्यात दडलेला सुरक्षेचा धडा मात्र सहसा ध्यानात येत नाही. महादरवाजा चोख बंद होता आणि पहारेकऱ्यांनीही कर्तव्यात कसूर केली नव्हती. तरीही गडाला एक वाट उरली होती आणि तिची कोणाच्याच दप्तरी नोंद नव्हती. रायगडाची आणखी एक कथा सांगितली जाते. गडाचे बांधकाम पूर्ण झाल्यावर, राजमार्ग सोडून अन्य वाटेने जो वर चढून येईल त्याला शंभर होनांची थैली आणि सोन्याचे कडे देण्याचे महाराजांनी जाहीर केले. एक जण चढून आला, त्याला बक्षीस मिळाले आणि ती वाट बंद करण्यात आली. आजच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या आपल्या प्रणालीतील दोष शोधून देणाऱ्यांना बक्षिसे देतात, त्यामागील विचार नेमका हाच आहे.

कार्यालयातील संगणकांची स्थिती गडाहून फारशी निराळी नाही. संस्था महागडी सुरक्षा प्रणाली बसवितात, म्हणजेच महादरवाजा भक्कम करतात. हल्लेखोर मात्र दरवाजाशी झुंजत बसत नाही. तो उघडा कडा शोधतो, आणि असा कडा बहुधा एखाद्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या सवयीत सापडतो.

रायगड जिल्ह्यातच थांबलेले बंदर

याचा प्रत्यय याच जिल्ह्याने घेतला आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक संगणकीय प्रणालीने जगभर थैमान घातले. युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ती पसरली. तिच्या तडाख्यात मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी सापडली आणि उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. युरोपात सुरू झालेल्या हल्ल्याने काही तासांत कोकणच्या किनाऱ्यावरील कंटेनरची वाहतूक रोखली. पुढील दहा दिवसांत कंपनीला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. तिचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

या प्रणालीने विंडोजमधील ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे तीन महिने आधी उपलब्ध करून दिली होती. जेथे ती बसविली नव्हती तेथे वाट मोकळी मिळाली. एवढ्यावर ते थांबले नाही. एखाद्या संगणकावर व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या व्यक्तीचे परवलीचे शब्द स्मृतीत पडून असले, तर ते उचलून ही प्रणाली दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत होती.

यातून दोन सवयींचे महत्त्व कळते. अद्ययावतीकरणाची सूचना आली की ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत राहू नये. संगणक आणि मोबाइल दोन्ही दिवस संपताना बंद करून पुन्हा सुरू केले, तर बहुतेक दुरुस्त्या आपोआप बसतात. दुसरे म्हणजे रोजच्या टंकलेखनासाठी, पत्रव्यवहारासाठी व्यवस्थापकाच्या अधिकाराचे खाते वापरू नये. गडाच्या किल्ल्या कमरेला लावून बाजारहाट करण्याचे काही कारण नाही.

सुटीच्या दिवशी पडलेला दरोडा

दुसरे उदाहरण पुण्याचे. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, बँकांच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरलेल्या हल्लेखोरांनी पैसे देण्याच्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचूच दिल्या नाहीत. मध्येच उभ्या केलेल्या बनावट यंत्रणेने त्यांना परस्पर मंजुरी दिली. २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये आणि भारतात सुमारे २८०० व्यवहारांद्वारे अडीच कोटी रुपये काढले गेले. भारतातील पैसे काढणारे भाडोत्री हात कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा शहरांतील एटीएमपुढे बनावट कार्डे घेऊन उभे होते. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय स्विफ्ट यंत्रणेद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात गेले. एकूण रक्कम झाली ९४ कोटी ४२ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. पण ते या साखळीतील खालचे दुवे होते.

हल्लेखोर सुटीचा मुहूर्त साधतात, कारण त्या वेळी विचारायला कोणी जागेवर नसते. हिरकणीवाडीत सुटीवर आलेल्या एखाद्या लेखापालाच्या मोबाइलवर शनिवारी दुपारी ‘साहेबां’चा संदेश येतो: बैठकीत आहे, फोन करू नका, या खात्यावर तातडीने रक्कम पाठवा. नाव खरे, छायाचित्र खरे, भाषाही ओळखीची. क्रमांक तेवढा नवा. अशा संदेशात घाई, गुप्तता आणि वरिष्ठाचा धाक हे तिघे एकत्र आले की तेथेच थबकावे. ज्या वाटेने निरोप आला त्याच वाटेने खात्री करून घेण्यात अर्थ नसतो. आधीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारावे. आता डोळ्यांवर आणि कानांवरही भरवसा ठेवण्याचे दिवस राहिलेले नाहीत. अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना ‘पाहून’ सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले. ती सगळी माणसे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेली होती, हे २०२४ मध्ये उघड झाले.

ईमेलमधील दुव्यांचेही तसेच. संकेतस्थळाचा खरा मालक पत्त्याच्या सुरुवातीला दिसणाऱ्या ओळखीच्या नावावरून कळत नाही. तो कळतो पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या अगदी आधी लिहिलेल्या नावावरून. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेला पत्ता घेण्यास सांगितले होते, ते ही ओळख सोपी व्हावी म्हणूनच. तरीही सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे दुव्यावर न जाता पत्ता स्वतः टंकित करणे.

परवलीचा शब्द: लांबी हेच बळ

मुलाचे नाव आणि त्यापुढे जन्मसाल, हा कार्यालयांतील सर्वांत लाडका परवलीचा शब्द. हल्लेखोरांच्या याद्यांत नेमके असेच शब्द आधी असतात. विचित्र चिन्हांपेक्षा लांबी अधिक उपयोगी पडते. केवळ इंग्रजी लहान अक्षरांचा विचार केला तरी वाढणारे प्रत्येक अक्षर शक्यतांची संख्या २६ पटींनी वाढविते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला परवलीचा शब्द लक्षात राहतो आणि फोडण्यास अवघड जातो. दर महिन्याला तो बदलायला लावण्याची जुनी पद्धत आता तज्ज्ञही सुचवीत नाहीत, कारण त्यामुळे माणसे शेवटचा आकडा तेवढा बदलतात. तो फुटल्याचा संशय आला तर मात्र तत्काळ बदलावा.

खरा धोका असतो तो एकच शब्द सर्वत्र वापरण्याचा. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून चोरीला गेलेली यादी हल्लेखोर कार्यालयीन ईमेलवर लावून पाहतात. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा शब्द असावा आणि ते सारे सांभाळण्यासाठी पासवर्ड मॅनेजर वापरावा. त्याला दुसऱ्या पडताळणीची जोड द्यावी. ओटीपी उपयुक्त आहे, पण तो गोड बोलून काढून घेता येतो. संगणकाला जोडायची भौतिक सुरक्षा किल्ली किंवा ‘पासकी’ बनावट संकेतस्थळाला प्रतिसादच देत नाही. गूगलने आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्यानंतर त्यांच्यापैकी कोणाचेही कार्यालयीन खाते फसवणुकीने बळकावले गेल्याची नोंद झाली नाही, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले होते.

किल्ल्या एकाच्या हाती नकोत

शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे अधिकारी नेमले जात. एक जण फितूर झाला, तरी त्याला एकट्याला गड शत्रूच्या स्वाधीन करता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. बँकांत आजही एकाने व्यवहाराची नोंद करायची आणि दुसऱ्याने तो मंजूर करायचा, अशी रीत आहे. पण दुसरा अधिकारी जेवायला जाताना आपला परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून पहिल्याच्या हाती देतो आणि रीत कागदावर उरते. अविश्वास दाखविणे बरे दिसत नाही, ही आपल्याकडील भावना येथे आड येते. वास्तविक परवलीचा शब्द न मागणे हाच सहकाऱ्याचा सन्मान आहे, कारण उद्या गैरव्यवहार झाला तर संशयाची सुई त्याच्याकडे वळत नाही.

महाडच्या पुराने शिकविलेले

हिरकणीवाडी ज्या तालुक्यात आहे, त्या महाडचा २२ जुलै २०२१ चा पूर विसरता येण्याजोगा नाही. सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने शहर वेढले गेले आणि तळमजल्यावरील दुकाने, कार्यालये बुडाली. अशा वेळी संगणकातील माहितीची प्रत शेजारच्या कपाटात ठेवली असेल, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकाच पाण्यात जातात. खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला हाही एक प्रकारचा पूरच असतो. संगणकाला कायम जोडून ठेवलेली प्रतही तो गिळून टाकतो. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, जाळ्यापासून तोडलेली असावी. वर्षातून एकदोनदा ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

चूक सांगण्याचे धैर्य

एवढी खबरदारी घेऊनही कोणी ना कोणी कधीतरी चुकीच्या दुव्यावर बोट ठेवणारच. त्यानंतरचा पहिला तास निर्णायक असतो. संगणक जाळ्यापासून तोडावा आणि माहिती तंत्रज्ञान विभागाला तत्काळ कळवावे. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर लगेच कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरून बाहेर पडण्याआधी ती गोठविण्याची संधी तेवढ्यातच असते. संस्थांवरही बंधन आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात.

प्रत्यक्षात मात्र कनिष्ठ कर्मचारी गप्प बसतो. मेमो मिळेल, पगारातून रक्कम कापली जाईल, चारचौघांत नाचक्की होईल, या भीतीने तो पडद्यावरची खिडकी बंद करतो आणि काहीच झाले नाही असे स्वतःला समजावतो. हल्लेखोराला हवा असतो तो नेमका हा वेळ. जी संस्था चूक सांगणाऱ्याला सर्वांदेखत फैलावर घेते, ती पुढच्या दहा जणांना गप्प राहण्याचे शिक्षण देते.

हिरकणीने नियम मोडला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. बंद दरवाजाचा हुकूम डावलून ती कडा उतरली होती. तिला त्याबद्दल शिक्षा झाली असती, तर तो कडा कोणाला कळला नसता आणि त्यावर बुरूजही उभा राहिला नसता. कार्यालयातील प्रत्येक प्रामाणिक कबुली अशाच एका उघड्या कड्याचा पत्ता देत असते. त्या कबुलीनंतर मेमो काढायचा की बुरूज बांधायचा, हे ठरविणे वरिष्ठांच्या हाती असते.