नदीकाठाचे हजार कोटी आणि सोमाटण्याची गटारं

मावळातल्या सोमाटणे फाट्यावर पवना नदीचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "केंद्रानं हजारो कोटी दिले, जपाननं दिले, तरी पवनेला फेस येतोच. खाल्ले सगळे." खाल्ले की नाही हे तपासायला लेखापरीक्षण आहे, न्यायालयं आहेत. माझी तक्रार या वाक्याच्या पहिल्या भागाबद्दल आहे. ज्या पैशाचा हिशेब आपण मागतोय, तो पवनेसाठी नव्हताच. आणि ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की आता जरा चिडूनच सांगतो.

आधी जपानचा पैसा. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून पुण्याच्या मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाला मंजुरी दिली. खर्च 990 कोटी 26 लाख. त्यातला 85 टक्के वाटा केंद्राचा, 15 टक्के पुणे महापालिकेचा. जपानच्या जायका संस्थेने कर्ज दिलं ते केंद्र सरकारला. महापालिकेला ती रक्कम अनुदान म्हणून मिळते, फेड केंद्राची. काम कोणतं? 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं, एकूण क्षमता रोज 396 दशलक्ष लिटर, आणि त्यांच्यापर्यंत मैलापाणी नेणाऱ्या वाहिन्या. सगळं पुणे महापालिकेच्या हद्दीतलं. पवना तर दापोडीला मुळेला मिळते. संगमाच्या खाली पाणी कितीही शुद्ध केलं तरी ते उलटं वाहत सोमाटण्याला किंवा थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यावर येणार नाही. फेस येतो तो त्या बंधाऱ्यावर, आणि तोही वरच्या बाजूने नदीत सोडलेल्या सांडपाण्यामुळे.

आता नदीकाठ सुधार. हा दुसराच प्रकल्प : 44 किलोमीटर लांबी, सुमारे 4,700 कोटींचा अंदाज, आराखडा साबरमतीचा काठ आखणाऱ्या अहमदाबादच्या सल्लागारांचा. घाट, पायवाटा, बांध, बागा. याला जपानचं कर्ज नाही. महापालिकेची तिजोरी आणि खासगी भागीदारी यांवर त्याचं गणित बांधलेलं आहे. मग घोळ कुठे झाला? 6 मार्च 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दोन्हींचं भूमिपूजन एकाच दिवशी झालं. केंद्राच्या त्या वेळच्या प्रसिद्धिपत्रकातही दोन आकडे वेगवेगळे आहेत : काठाच्या 9 किलोमीटरसाठी 1,080 कोटींहून अधिक आणि प्रदूषण नियंत्रणासाठी 1,470 कोटींहून अधिक. लोकांनी दोन्हींची बेरीज करून 'केंद्राने नदीला दिले' असं पाठ केलं. वर्तमानपत्रांनीही कधी काठाच्या बातमीला 'नदी शुद्धीकरण' म्हटलं, कधी उलट.

दुसरा आकडा पुन्हा वाचा. 2016 मध्ये 990 असलेली रक्कम सहा वर्षांत 1,470 वर गेली. मधल्या काळात निविदा चढ्या दराने आल्या, रद्द झाल्या, पुन्हा काढल्या. निधी 'मंजूर' होणं आणि निधी खर्च होणं यात एवढं अंतर असतं. मावळात दर पंधरा दिवसांनी एखाद्या पुढाऱ्याचा 'इतक्या कोटींचा निधी मंजूर' असा फ्लेक्स लागतो. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश आणि टप्प्याटप्प्याने वितरण अशी वाट असते. फ्लेक्स पाहून नदीत बदल शोधायला जाणाऱ्याने तेवढा धीर धरावा.

"मग पुण्याला मिळतं तसं आम्हालाही द्या," ही पुढची मागणी. इथेच खरी अडचण आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने मुळेच्या काठासाठी 2023 मध्ये 200 कोटींचे कर्जरोखे बाजारात विकले. ती विकू शकली, कारण तिचा मिळकतकर आहे, पतमानांकन आहे. सोमाटण्यात ग्रामपंचायत आहे. बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) देतं आणि विकास शुल्कही त्याच्याकडेच जमा होतं. गावाच्या हाती सांडपाण्यासाठी उरतं काय? स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांहून मोठ्या गावाला सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी जास्तीत जास्त 660 रुपये, लहान गावाला 280 रुपये. वर वित्त आयोगाचा बंधित निधी, तोही पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांत वाटायचा. सहा हजार वस्तीचं गाव धरलं तर मिशनचे चाळीस लाखही पुरे होत नाहीत. पुण्याच्या त्या 9 किलोमीटरच्या दराने या रकमेत सव्वातीन मीटर काठ होतो! टोलेजंग गृहसंकुलं मात्र महानगराच्या मापाने उभी राहताहेत.

म्हणून सोमाटण्याने काठ मागू नये, गटार मागावी. तळेगाव दाभाड्याला पाणी देण्यासाठी पवनेचं पाणी सोमाटण्याजवळून उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवड ते रावेतला उचलतं. हेच पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेवरून 9 ऑगस्ट 2011 ला बऊर इथे पोलिसांचा गोळीबार होऊन तीन शेतकरी मेले. पवनेच्या पाण्यावर एवढा हक्क सांगणाऱ्या महानगराने रावेतच्या वरच्या गावांच्या मैलाशुद्धीकरणाचा खर्च उचलावा, ही मागणी दिवे लावलेल्या घाटापेक्षा कितीतरी न्याय्य आहे आणि ती कोणी करत नाही.

बाकीचे गैरसमज पटापट.

'नमामि गंगेतून पैसा येईल.' येणार नाही. ती योजना गंगा आणि तिच्या उपनद्यांची आहे. पवना मुळेतून भीमेला आणि तिथून कृष्णेला जाते. 2016 ची 'नमामि चंद्रभागा' राज्याची, नाव तेवढं सारखं.

'साबरमती बघा, काठ केला आणि नदी स्वच्छ झाली.' अहमदाबाद शहरातलं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात रायसण ते वौठा या पट्ट्याची जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला 292 मिलिग्रॅम होती. आंघोळीच्या पाण्याला मर्यादा 3 ची.

'जलपर्णी काढली की झालं.' मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद येत राहिलं की ती पुन्हा वाढते. कंत्राटही पुन्हा निघतं.

'टोलचा पैसा नदीला वळवा.' तो रस्त्याच्या कराराचा आहे, कितीही राग आला तरी.

'निळ्या रेषेच्या आत फार्महाऊस चालतं, सगळ्यांनी बांधलंय.' निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकामाला परवानगी नाही, आणि सगळ्यांनी बांधलंय म्हणून धरणातून विसर्ग कमी सोडत नाहीत.