मोरिवली परिसरातील डोंगरवाटा : धाडसाला शिस्तीची जोड

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मोरिवलीचे नाव आज प्रामुख्याने औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. परंतु कारखान्यांच्या धुराड्यांपलीकडे दक्षिणेस दृष्टी टाकली की मलंगगड, ताहुली व चंदेरी यांची रांग माथेरानच्या पठाराकडे जाताना दिसते. पूर्वेकडे बारवी धरणालगतचे जंगल आहे. पळस, ऐन व सागाची ही वने भारद्वाज, तांबट, मोर अशा पक्ष्यांचे आश्रयस्थान आहेत. बारवीच्या जंगलात बिबट्याचाही वावर आढळतो. सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या लोकलगाडीने पाठपिशव्या घेऊन येणाऱ्या तरुणांना हा निसर्ग खुणावतो. मात्र ही ओढ सुरक्षित कशी राहील आणि तिचा लाभ डोंगरपायथ्याच्या गावांना कसा मिळेल, हा खरा प्रश्न आहे.

झांबियाचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील झांबिया या देशात सापडते. या देशात वीस राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी काफ्वे हे एकटेच सुमारे २२,४०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या पाचपटीहून मोठे आहे. तेथे ब्रिटिश अंमल असताना, १९५० साली, नॉर्मन कार या वन्यजीव अधिकाऱ्याने लुआंग्वा खोऱ्यातील न्सेफू या टोळीप्रमुखाचे मन वळवले. टोळीच्या जमिनीचा काही भाग वन्यप्राण्यांसाठी राखावा, तेथे पाहुण्यांसाठी तळ उभारावा आणि मिळणारे उत्पन्न टोळीलाच द्यावे, अशी ही योजना होती. जिवंत हत्ती हा गावाच्या उत्पन्नाचे साधन होऊ शकतो, हा विचार त्या काळी नवा होता. पुढे याच खोऱ्यात पायी वनभ्रमणाची परंपरा रुजली. लहान गट एका रांगेत चालतो. सोबत सशस्त्र वनरक्षक आणि ठसे, विष्ठा व पक्ष्यांचे इशारे ओळखणारा जाणता वाटाड्या असतो. त्याचा शब्द अंतिम मानला जातो.

झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधबा सुमारे १०८ मीटर उंच आहे. त्याच्या खालच्या घळीत रबरी तराफ्यांतून प्रवाहाशी झुंज देण्याचा खेळ १९८१ पासून चालतो. पण नदीला पूर चढला की हा खेळ थांबवला जातो. ऋतूची मर्यादा पाळणे हा तेथे धाडसाचाच भाग समजला जातो.

आपल्या डोंगरांची भाषा

बदलापूरजवळील कोंडेश्वर येथे पावसाळ्यात मोठी गर्दी लोटते. डोहात बुडून तरुण दगावल्याच्या घटना तेथे वारंवार घडल्या आहेत. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही ओढा क्षणार्धात फुगतो. दगडांवरचे शेवाळ पाय ठरू देत नाही आणि गढूळ पाण्यात डोहाची खोली कळत नाही. म्हणूनच प्रशासन अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढते. ते आनंदावर विरजण घालण्यासाठी नसून घरचा मुलगा घरी परतावा यासाठी असतात.

चंदेरीची चढण निसरड्या मुरमाची असून सुळका उघडा व उभा आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. धूर, उग्र सुगंधी द्रव्ये किंवा आरडाओरडा यांमुळे त्या उठतात. पालापाचोळ्यात फुरसे दडलेले असते. त्याच्या दंशावर मंत्रतंत्र वा जखम चिरणे हे उपाय नव्हेत. रुग्णास हालचाल न करू देता त्वरित रुग्णालयात नेणे हाच मार्ग होय.

ही भाषा ठाकूर व कातकरी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. कोणत्या पाणवठ्यावर रात्री बिबट्या येतो आणि कोणती वाट पावसात खचते, हे त्यांना ठाऊक असते. सात वर्षांनी फुलणारी कारवी, मेअखेरीचे काजवे आणि राज्याचे फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये घोषित झालेले नीलवंत कोठे पाहावे, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकेल?

गावाचा वाटा

महाराष्ट्रालाही हा मार्ग अपरिचित नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान घोषित झालेल्या ताडोबात आज आसपासच्या गावांतील युवक वाटाड्याचे काम करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनांचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला आहे. मलंगगड-चंदेरी परिसरातील भ्रमणगटांनी गावातील वाटाड्या सोबत घेतला, त्याचा योग्य मोबदला दिला आणि न्याहारी गावातच केली, तर वन राखणे हे गावालाही हिताचे ठरेल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे. पण वणवा प्रथम दिसतो तो गावकऱ्याला, आणि फासही प्रथम त्याच्याच दृष्टीस पडतो.

आपला कचरा परत आणावा, वन्यप्राण्यांना खाऊ घालू नये, बंदी असलेल्या पाण्यात उतरू नये आणि सूर्यास्तापूर्वी पायथा गाठावा, एवढे पथ्य प्रत्येकाने पाळण्याजोगे आहे. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी आज प्रदूषणाने ग्रासली आहे. नदी गमावल्यावर तिचे मोल कळते. मोरिवलीच्या क्षितिजावरील डोंगर अद्याप हिरवे आहेत. ते तसेच राखण्याची संधी त्यांच्या वाटा तुडवणाऱ्यांच्याच हाती आहे.