ॲडिसनच्या रुग्णाची गोळी

‘स्टेरॉइड वाईट, लवकर सोडा’ असं शेजारी सांगतात, कधी कधी वॉर्डातलेही. ॲडिसनच्या रुग्णासाठी हा सल्ला जिवावर बेतू शकतो. या आजारात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात आणि कॉर्टिसोल हे संप्रेरक बनत नाही. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी ती तूट भरून काढते, बस्स. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५ ते २५ मिलीग्रॅम, त्यातला मोठा हिस्सा सकाळी उठल्याबरोबर. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या ग्रंथीही सुस्तावतात, म्हणून त्यांनीही गोळी एकदम बंद करायची नसते.

खरा घोळ होतो तो ऑपरेशनच्या सकाळी. रुग्ण उपाशी ठेवायचा म्हणून सगळ्याच गोळ्या थांबतात. स्टेरॉइड मात्र शिरेतून द्यावंच लागतं, आणि शस्त्रक्रियेच्या ताणामुळे नेहमीपेक्षा जास्त. ‘याचं स्टेरॉइड कोणी लिहिलंय का?’ हा प्रश्न ड्यूटीवरच्या सिस्टरनं विचारलाच पाहिजे. घरच्या उपासालाही तोच नियम: उपास अन्नाचा, गोळीचा नाही.

तापात औषधं कमी करावीत, हा समजही उलटा. निरोगी शरीर आजारपणात जास्त कॉर्टिसोल सोडतं. या रुग्णाला ते जमत नाही. म्हणून ताप आला की डॉक्टरांनी आधी ठरवून दिल्याप्रमाणे मात्रा दुप्पट किंवा तिप्पट होते. उलट्या सुरू झाल्या तर गोळी पोटात टिकत नाही. मग १०० मिलीग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. उलट्या, पोटदुखी, गळून जाणं हे ॲसिडिटीसारखं दिसतं आणि तिथंच वेळ जातो. रक्तदाब घसरतोय, साखर उतरतेय, तर रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही. इंजेक्शन आणि सलाइन आधी. एरवीही रक्तदाब आडवं असताना आणि उभं केल्यावर, असा दोनदा मोजावा.

मीठ तोडण्याचा आग्रहही नको. या आजारात सहसा अल्डोस्टेरॉनही कमी पडतं, शरीरातून सोडियम निघून जातं आणि पोटॅशियम वाढतं. अशा वेळी भेटायला येणाऱ्यांचं नारळपाणी नको, त्यात पोटॅशियम भरपूर. तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडणं हे उन्हानं रापणं नव्हे; या आजारातलं त्वचेचं काळवंडणं लंडनच्या थॉमस ॲडिसननं १८५५ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे यामागे क्षयरोग आहे का, तेही पाहावं लागतं.

घरी सोडताना ‘स्टेरॉइडवर आहे’ असं कार्ड पाकिटात हवं. कुपीतली पूड पाण्यात मिसळून इंजेक्शन कसं द्यायचं, हे नातेवाइकाला नुसतं सांगून भागत नाही. त्याच्याकडून सिस्टरसमोर एकदा करवून घ्यावं.