ईदीचे पैसे आणि गेमचे दुकान

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्याने ईदीचे पैसे मोजले. मामू, खाला, फुप्पू आणि शेजारीपाजारी मिळून तीन हजारांच्या वर रक्कम जमली होती. बेत आधीच ठरलेला होता. त्याच्या मामूंनी सौदीहून येताना प्लेस्टेशन ४ आणले होते, त्यासाठी फुटबॉलचा गेम घ्यायचा. आमच्या मौद्यात मोबाईलची दुकाने पुष्कळ आहेत, पण गेमची डिस्क मिळत नाही. म्हणून रविवारी आम्ही मायलेक बसने नागपूरला गेलो.

दुकान मोठे होते. विक्रेत्या मुलाने एक जुनी, म्हणजे कोणीतरी वापरून परत दिलेली डिस्क काढून दिली. वर हजार रुपयांचे एक कार्डही पुढे केले. "यातून गेममधले खेळाडू घेता येतात," तो म्हणाला. मी विचारले, "हे आमच्या मशीनवर चालेल ना?" "चालेल ना मॅडम, सगळ्यांच्याच चालतं."

घरी डिस्क चालली, पण कार्डावरचा कोड काही चालेना. दुकानात फोन केला तर उत्तर आले, "कार्ड खरवडलं ना? मग परत होणार नाही." दोन दिवसांनी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने कारण सांगितले. मशीनवरचे खाते मामूंनी सौदीत उघडलेले, आणि कार्ड भारतातले. डिस्क सहसा कोणत्याही देशातली चालते. पैशांचे कार्ड मात्र ज्या देशाचे, त्याच देशाच्या खात्यावर चालते. मग भारताचे नवे खाते उघडले, कोड लागला, पण जुन्या खात्यावरची मुलाची सगळी प्रगती मागे राहिली. त्या दोन दिवसांत मुलगा मला तीनदा म्हणाला, "अम्मी, मी पैसे वाया घालवले का?"

चूक त्याची नव्हती. विकणाऱ्याने एकच प्रश्न विचारला असता, "खाते कोणत्या देशाचे?", तर हे घडले नसते. आपल्या कितीतरी घरांत अशी मशीन आखातातून येतात. नागपुरातल्या दुकानदाराला हे ठाऊक असायला हवे.

आज गेम घरबसल्या ऑनलाइन मागवता येतो, डाउनलोडही करता येतो. २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात प्लेस्टेशन ५ आले; त्याची एक आवृत्ती डिस्क घालायची सोयच नसलेली आहे. मग दुकान हवे कशाला? माझ्यासारख्या आईला गेममधले काही कळत नाही, म्हणून हवे. मी पैसे डिस्कसाठी देते, पण बस पकडून जाते ती समोरच्या माणसाला विचारता यावे यासाठी. तेच मिळणार नसेल, तर दुकान आणि वेबसाइट यांत फरक काय राहिला?

दोष नेहमी काउंटरवरच्या मुलाचा असतो असेही नाही. अमेरिकेत गेमस्टॉप ही गेम विकणारी फार मोठी साखळी आहे. जुनी डिस्क परत घ्यायची आणि पुन्हा विकायची, हा तिच्या धंद्याचा मोठा भाग राहिला आहे. २०१७ मध्ये तिच्या कर्मचाऱ्यांनी पत्रकारांना सांगितले की, जुना माल, आगाऊ नोंदणी आणि सभासद कार्डे किती खपली यावर त्यांचे काम मोजले जाते. आकडा गाठण्यासाठी काही जण ग्राहकाला 'नवीन माल शिल्लक नाही' असे खोटेच सांगत. वरून असा दबाव असेल, तर खालचा मुलगा खरे कसे सांगणार? म्हणून साखळीच्या मालकांनी विक्रीच्या आकड्यासोबत हेही मोजावे की, किती ग्राहक तक्रार न घेता पुन्हा आले.

वयाची गोष्टही दुकानाने सांगायला हवी. युरोपात २००३ पासून पेगी नावाची पद्धत आहे. डब्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा असतो. हे आकडे आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवरही दिसतात, पण पालकांना वाटते ती किंमत किंवा मॉडेल नंबर असेल. तो आकडा म्हणजे त्याहून लहान मुलासाठी हा गेम योग्य नाही, असा इशारा. 'जीटीए फाइव्ह'वर १८ आहे आणि फुटबॉलच्या 'फिफा'वर ३. काउंटरवर मराठी, हिंदी आणि उर्दूत एक छोटी पाटी लावायला किती खर्च येईल?

त्या कार्डाबद्दलही सांगायला हवे होते. अशा फुटबॉल गेममध्ये पैसे देऊन बंद पाकिटे घेता येतात, आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये याला जुगार ठरवले, आणि कंपनीला तिथे ती विक्री थांबवावी लागली. हे आधी कळले असते, तर मी ते कार्ड घेतलेच नसते.

तिसरी गोष्ट डेटाची. डिस्क घेतली म्हणजे गेम आला, असे आता राहिले नाही. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या एका डिस्कवर जेमतेम ७० एमबी भरले होते. बाकी सगळे इंटरनेटवरून उतरवायचे. रोज दीड-दोन जीबीवर चालणाऱ्या घरात हे कसे जमणार? डब्याशेजारी 'इतका डेटा लागेल' अशी चिठ्ठी लावावी, आणि बाहेरगावच्या ग्राहकाने मशीन आणले तर दुकानातच गेम चढवून द्यावा. जुनी डिस्क ग्राहकासमोर चालवून दाखवावी आणि ओरखडा असेल तर बिलावर लिहावा. मालातला दोष झाकून विकायचा नाही, हे आपण लहानपणापासून घरात ऐकत आलो आहोत.

आपल्या बाजूनेही थोडी जागरूकता हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीदेखील तशीच प्रथा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. माझ्याकडे बिल होते, पण हे ठाऊक नव्हते.

मी त्या दुकानाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिले. रागाने नाही; वहीतली चूक दाखवतो तसे. विकण्याआधी चार प्रश्न विचारा: मशीन कोणते, खाते कोणत्या देशाचे, घरी इंटरनेट किती, आणि खेळणाऱ्याचे वय काय. दोन मिनिटे लागतील.

पुढच्या ईदलाही मुलाकडे ईदी जमेल, इन्शाअल्लाह. त्याने आत्ताच विचारून ठेवले आहे, "अम्मी, त्याच दुकानात जायचं का?" मी म्हटले, "आधी त्यांचं उत्तर तर येऊ दे."