तो नकाशा किरणोत्साराचा नाहीच

‘फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडलं’ अशी बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो नकाशा येतोच. जपानलगत काळाजांभळा डाग, तिथून निघालेल्या लाल-पिवळ्या जिभा प्रशांत महासागरभर. खाली दवंडी: किरणोत्साराने समुद्र गिळला, मासे खाऊ नका. गेल्या खेपेला तो धाकट्या काकांनी पाठवला, आणि काकूंनी आणलेलं पापलेट दोन दिवस फ्रीजरमध्येच राहिलं.

काका, त्या नकाशाच्या कडेला रंगांची एक पट्टी आहे. ती जरा मोठी करून बघा. एकक काय लिहिलंय? सेंटिमीटर. किरणोत्सार कधीपासून सेंटिमीटरमध्ये मोजायला लागले? अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र-हवामान संस्थेने ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर हा नकाशा काढला. त्सुनामीची लाट कुठे किती उंच होती, एवढंच तो सांगतो. लाट तासांच्या हिशेबात महासागर ओलांडते, पाणी मात्र तिच्याबरोबर पलीकडे जात नाही. भूकंप-त्सुनामीत अपघात झालेल्या फुकुशिमा अणुप्रकल्पातलं किरणोत्सारी सिझियम प्रवाहांबरोबर वाहत अमेरिका खंडाच्या किनाऱ्याला लागायला काही वर्षं गेली.

हे ठाऊक आहे, कारण कुणीतरी ते मोजलंय. केन ब्यूसेलर हे अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेतले सागरी रसायनशास्त्रज्ञ. अपघाताला तीन महिने होतात तोच, जून २०११मध्ये, त्यांच्या नेतृत्वाखालचं संशोधक पथक जहाजाने फुकुशिमासमोरच्या समुद्रात होतं. पुढे त्यांच्या ध्यानात आलं, की अमेरिकेच्या किनाऱ्यावर समुद्रातला किरणोत्सार मोजणं हे कोणत्याच सरकारी खात्याचं काम नाही. मग २०१४पासून त्यांनी लोकांनाच हाताशी धरलं. किनाऱ्यावरच्या माणसांनी वर्गणी काढायची, वीस लिटरचा कॅन समुद्राच्या पाण्याने भरायचा आणि पार्सलने प्रयोगशाळेत धाडायचा.

वीस लिटर कशाला? शोधायचं ते इतकं थोडं, की बाटलीभर पाण्यात हाती काही लागणार नाही. पाणी एका नळीतून सोडतात. तिच्यात सिझियम धरून ठेवणारी राळ असते. मग ती राळ गॅमा किरणांच्या मापकावर ठेवून वाट बघत बसायचं, तासन् तास, कधी दिवसही.

यातली खरी गंमत सिझियमच्या दोन भावंडांत आहे. सिझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, म्हणून १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचं १३७ अजूनही प्रशांत महासागरात आहे, घनमीटरमागे एक-दोन बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन). सिझियम-१३४ मात्र दोन वर्षांतच निम्मं होतं, त्यामुळे जुनं काही उरलेलंच नाही. पाण्यात १३४ सापडलं, की ते फुकुशिमाचंच.

फेब्रुवारी २०१५मध्ये कॅनडातल्या युक्लूलेटच्या धक्क्यावरून घेतलेल्या पाण्यात ते सापडलं. घनमीटरला १३४ होतं १.४ बेकरेल, १३७ होतं ५.८. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात सिझियम-१३७ची मर्यादा घनमीटरला सुमारे ७,४०० बेकरेल आहे. आणि समुद्राच्या पाण्यात निसर्गतःच असलेलं पोटॅशियम-४० घनमीटरला १०,०००च्या वर जातं. समुद्र २०११पर्यंत किरणोत्सारापासून सोवळा होता, ही समजूतही इथेच सोडायला हरकत नाही.

किरकोळ गैरसमज थोडक्यात. ‘गायगर काउंटर टकटकला म्हणजे फुकुशिमा’: २०१३च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या एका किनाऱ्यावरचा असा व्हिडिओ खूप फिरला. तपासणीत निघालं वाळूतलं नैसर्गिक थोरियम आणि रेडियम. तोच काउंटर केरळच्या चवऱ्याला नेला तर मोनाझाइटच्या वाळूवर आणखी जोरात टकटकेल. ‘आयोडीनचं मीठ खा’: मार्च २०११मध्ये चीनमधल्या दुकानांतलं मीठ या अफवेने संपलं. मिठातलं आयोडीन किरणोत्सारापासून बचावाला फारच तोकडं, आणि सिझियमवर आयोडीनचा उपयोगच नाही. ‘मासे विषारी झाले’: २०११च्या ऑगस्टमध्ये सॅन डिएगोजवळ पकडलेल्या ट्यूनांत फुकुशिमाचं सिझियम होतं, हे खरंच. पण त्याच माशातल्या नैसर्गिक पोलोनियमची मात्रा खाणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त. आणि काकूंचं पापलेट तर अरबी समुद्रातलं!

उलट्या टोकाचाही गैरसमज आहेच: ‘शास्त्रज्ञ म्हणतात, सगळं आलबेल आहे.’ ब्यूसेलर तसं म्हणत नाहीत. एप्रिल २०११मध्ये प्रकल्पाच्या तोंडाशी सिझियम-१३७ घनमीटरला सहा कोटी बेकरेलच्या वर गेलं होतं, हे त्यांनीच मांडलं. प्रकल्पावर टाक्यांत साठवलेल्या दूषित पाण्याबद्दल सगळे ट्रिटियमचंच बोलतात, स्ट्रॉन्शियम-९०सारख्या बाकीच्या किरणोत्सारी द्रव्यांचं काय, असं २०२०मध्ये ‘सायन्स’मध्ये विचारणारेही तेच. आणि मे २०२३मध्ये प्रकल्पाच्या बंदरात पकडलेल्या एका खडकमाशात किलोला १८,००० बेकरेल सिझियम निघालं. जपानची मर्यादा आहे १००.